उंच, सावळे, पांढरा फेटा

आमच्या अंगणात लिंबाचं झाड होतं. लिंबाचं असं मी म्हणते. माय म्हणायची, "अंगणातलं त्ये कडू झाड." तिच्या थोरल्या दिराचं, म्हणजे माझ्या चुलत्यांचं, नाव लिंबाजी, आणि दिराचं नाव तोंडात घ्यायचं नाही अशी रीत. त्यामुळे वरणावर पिळायचं लिंबूसुद्धा आमच्या घरी "त्ये आंबट" होतं. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, नाव सूर्यभान, म्हणून मायच्या जगात सूर्य नव्हता. सकाळी "त्यो वरचा" उगवायचा आणि सांजेला "त्यो वरचा" मावळायचा. एका वर्षी अण्णांनी सूर्यफूल पेरलं, तर पेरणीपासून मळणीपर्यंत माय "त्ये पिवळं, त्याल निघणारं" म्हणत रानात कष्टली. ती एकटी अशी होती असं नाही. आडावर पाण्याला जमणाऱ्या साऱ्या बायका अख्खी सकाळ बोलायच्या आणि त्यात एकाही पुरुषाचं नाव यायचं नाही. "त्ये तिरकं चालणारे", "आमचे तंबाखूवाले", "ती दुसरी केलेले". कुणालाही कधी प्रश्न पडायचा नाही की हे नेमकं कुणाबद्दल चाललंय. गडी माणसं मात्र जवळून गेली तरी त्यांना काही उमगायचं नाही, आणि ते बरंच होतं.

बाहेरच्या माणसाशी गाठ पडली की मात्र अडायचं. एखादा सरकारी माणूस दारात येऊन विचारायचा, "घर कुणाचं?" माय पदर दातात धरून उभी. मग तोच अंदाजानं म्हणायचा, "सूर्यभानरावांचं का?" मायनं मान हलवली की काम झालं. नाव दुसऱ्यानं घ्यायचं आणि बाईनं मान हलवायची, ही आमच्या भागात ठरलेली सोय होती. वाचणाऱ्यानं ही मान तेवढी ध्यानात ठेवावी, पुढं लागणार आहे.

अशा घरात मी इंग्रजी शिकायला लागले. गावात शाळा सातवीपर्यंत, आणि इंग्रजीला तांदळे मास्तर. ते नेकनूरहून सायकलवर यायचे. चेन सारखी निसटायची, त्यामुळे वर्गात शिरताना त्यांचे हात काळे असायचे आणि पहिल्या धड्यावर त्यांच्या बोटांचे ठसे उमटलेले असायचे. मास्तर हाडाचे शिकवणारे होते. इंग्रजीत नामाच्या आधी अ, अ‍ॅन नाहीतर द लावावं लागतं, हे आम्हाला समजावं म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. नाम म्हणजे घरातून निघालेला माणूस. तो बोडक्यानं चावडीवर जात नसतो. 'अ' ही साधी टोपी, कुणाच्याही डोक्यावर बसणारी. 'अ‍ॅन' ही तीच टोपी, काही जणांच्या डोक्याला घट्ट होते म्हणून जरा उसवलेली. आणि 'द' म्हणजे फेटा. ज्याला अख्खं गाव ओळखतं, ज्याच्याबद्दल आता आपलं बोलणं चाललंय, त्याच्याच डोक्यावर फेटा. मधली विशेषणं म्हणजे अंगावरचे कपडे. आधी टोपी, मग कपडे, मग माणूस. कुणी टोपी विसरलं की मास्तर टेबलावर डस्टर आपटून विचारायचे, "टोपी कुठाय ह्याची?"

मला टोपी कळली आणि मी सुटले. वडिलांवर चार ओळी लिहायला सांगितल्या तेव्हा मी लिहिलं, "द माय फादर इज अ टॉल अ डार्क अ फार्मर." मास्तरांनी ते वाचलं, चष्मा काढला, काळ्या हातानंच डोळे पुसले आणि म्हणाले, "अगं, एका माणसाच्या डोक्यावर एवढ्या टोप्या? बाजार भरवायचाय का?" पुढच्या वेळी मी घाबरून एकही टोपी घातली नाही. सहामाहीत माझे बाकी सगळे विषय वर गेले आणि इंग्रजी मात्र तळाला बसली. आज निवृत्त झाल्यावर मागं बघते तर हसू येतं, कारण बीडच्या एका शाळेत मी सारा जन्म इंग्रजीच शिकवली. पण तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. सातवीनंतर शिकायचं तर बीडलाच, बोर्डिंगात राहून. आमच्या गावची एकही मुलगी तोवर गेलेली नव्हती. मला जायचं होतं. किती जायचं होतं ते सांगायला शब्द नाहीत. आडावर घागर भरताना मी मनात बीडच्या शाळेतली घंटा ऐकायची, जी मी कधी ऐकलेली नव्हती.

मास्तर निकाल घेऊन घरी आले. अण्णा ओसरीवर सोसायटीच्या निवडणुकीची गणितं जुळवत बसलेले. मास्तर म्हणाले, "पोरगी हुशार आहे, दादा. फक्त टोप्यांत घोटाळा होतो. तो मी काढतो. तुम्ही बीडचं मनावर घ्या." अण्णा म्हणाले, "बघू."

आता या 'बघू'बद्दल सांगायला पाहिजे. अण्णांनी आयुष्यात कुणाला 'न्हाई' म्हटलं नाही. रस्ता मागायला आलेल्याला बघू, सोयरीक घेऊन आलेल्याला बघू, शेजारी मोट मागायला आला तर त्यालाही बघू. गावाला ते मोठं राजकारण वाटायचं. घरात आम्हाला त्याचा अर्थ पाठ होता. अण्णांनी ज्याला 'बघू' म्हटलं ते आम्ही पुन्हा कधी पाहिलेलं नव्हतं.

माय हार मानणारी नव्हती. ती जेवणाची वेळ साधायची. चुलीपुढं बसून ज्वारीची भाकरी थापायची, थप थप थप, आणि अण्णा ताटावर बसले की थापणं थांबवायची. ते थांबलं की घर एकदम मुकं व्हायचं. अण्णा पिठल्यावर साखर घालून खायचे. हो, साखर. बाहेर कुणाच्या पंगतीत ते झणझणीत ठेचा मागायचे आणि डोळ्यांतलं पाणी फेट्याच्या शेवानं टिपायचे, पण घरी पिठल्यावर साखर. डाव्या भुवईवर एक जुनी खोक होती. बाहेर ती रानडुकराची होती. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की आमच्याच पवळ्या बैलानं वैरण खाताना शिंग हलवलं आणि हे मध्ये आले. असे ते दोन होते, उंबऱ्याच्या आतले आणि बाहेरचे, आणि मध्ये फक्त माय उभी होती.

"पोरीचं बीडचं काय करायचं?" माय विचारायची.

"बघू की."

"कवा?"

"अगं, बघू म्हणलं ना. इंग्रजीत नापास झालेल्या पोरीला बीडला धाडू व्हय? लोकं हसतील." एवढ्यात आढ्यावर पाल चुकचुकली की अण्णा ताट घेऊन दुसरीकडं सरकायचे. पालीची त्यांना लई भीती. मायनं एकदा मलाच विचारलं, "तुझं अडतंय तरी काय गं?" मी टोपी, फेटा, कपडे असं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येवड्यासाठी पोरगी नापास करत्यात? कामं न्हाईत वाटतं त्यांना." आणि पुन्हा थप थप सुरू झालं.

मग नारायणगडाची जत्रा आली. आम्ही बैलगाडीनं नेकनूर, तिथून यष्टीनं बीड आणि बीडहून गडाच्या जादा गाडीत बसून गेलो. गडावर दर्शन झालं. माय म्हणाली, मी बांगड्या भरून येते. अण्णा म्हणाले, आम्ही इथंच नारळवाल्यापाशी उभे राहतो. ते म्हणताना त्यांना खरंच तसं वाटत होतं. पण समोरून उमापूरचे एक पाटील आले, त्यांच्यामागं आणखी दोन-चार पुढारी, आणि अण्णांचे पाय आपोआप त्यांच्याबरोबर निघाले. मी पिशवी धरून मागं. एका ताडपत्रीच्या हॉटेलात बाकड्यांवर सगळे बसले. कांद्याच्या भज्यांचा वास, पाळण्याची करकर, पिपाण्या, आणि मधोमध अण्णांची गोष्ट रंगात आलेली. उमापूरच्या पाटलांना ते भुवई दाखवत होते. "आसं आलं बगा अंगावर. रानडुक्कर म्हंजे काय, रेडाच." पाटील मान डोलवत होते. सोसायटीच्या निवडणुकीत अण्णांना पाटलांच्या आमच्या गावातल्या पाहुण्यांची मतं हवी होती, हे मलासुद्धा माहीत होतं.

तेवढ्यात मंडपावरचा भोंगा खरखरला. "लक्ष द्या. एका माउलीचे मालक हरवलेले हायेत. उंच, सावळे, पांढरा फेटा, झुपकेदार मिशा. आसतील तितून मंडपाकडं यावं."

अण्णा खदखदून हसले. "कोण बे ह्यो येडा? बायकूला सोडून हिंडतोय." बाकड्यांवर सगळेच हसले. आणि मग हळूहळू एकेकजण गप्प झाला, कारण हॉटेलात बसलेला प्रत्येक माणूस उंच होता, सावळा होता, मिशाळ होता आणि फेटा पांढराच होता. दोघं-तिघं मिशीवर हात फिरवत उठले आणि उगाच शंका नको म्हणून मंडपाकडं गेले. थोड्या वेळानं परत आले. "ती बाई न्हाई म्हणली," एकजण जरा नाराज होऊन म्हणाला.

भोंगा पुन्हा बोलला. "मघाचेच मालक आजून आलेले न्हाईत. नेकनूरकडचे हायेत. डाव्या भुवईवर खोक हाय. बैलाचं शिंग लागलेलं. सांगताना रानडुक्कर सांगत्यात."

भजं अण्णांच्या हातात राहिलं. उमापूरच्या पाटलांनी वाकून त्यांच्या भुवईकडं पाहिलं. अण्णांनी फेटा एक बोटभर खाली ओढला. मी म्हणाले, "अण्णा, माय बोलावती." ते ओठ न हलवता म्हणाले, "गप. भजी खा." त्यांची अडचण माझ्या आज ध्यानात येते. उठावं तर बैल कबूल करावा लागतो. न उठावं तर भोंगा चालूच. आणि भोंगा चालूच राहिला, कारण जत्रेला आता गोडी लागली होती. पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला होता.

"घोरत्यात," भोंगा म्हणाला. "वासरू दावं तोडून पळतंय येवडं घोरत्यात. पिठल्यावर साखर घेत्यात. पालीला भेत्यात." हॉटेलवाला तळणाचा झारा हातात घेऊन बाहेर ऐकायला गेला. कुणीतरी म्हणालं, "काय नमुना हाय राव." अण्णासुद्धा हसले, सगळ्यांत मोठ्यानं, आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मागच्या टायमाला सोसायटीला पडलेले हायेत. औंदा पुन्यांदा हुबे हायेत." आता मात्र बाकड्यावरची सगळी डोकी एकाच दिशेला वळली. पाटील सभ्य गृहस्थ होते, त्यांनी फक्त साखरेचा डबा अण्णांपुढं सरकवला.

मला रडू यायला लागलं होतं. माझे अण्णा असे उघडे पडलेले मी कधी पाहिले नव्हते. मायचा रागही येत होता. आणि तेवढ्यात भोंगा घसा खाकरून म्हणाला, "आणि शेवटचं. ह्ये मालक आपल्या पोरीला बीडला हायस्कुलात घालणार हायेत. बोर्डिंगात ठिवून. गावातले पयलेच हायेत आसं माउलीचं म्हणनं हाय."

हसणं थांबलं. पिशवी मांडीवर घेऊन बसलेली मुलगी हॉटेलात एकच होती. पाटलांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग अण्णांकडं. त्यांच्या चेहऱ्यावरची थट्टा गेली होती. ते हळूच म्हणाले, "तुमीच का ते?"

मी अण्णांच्या तोंडाकडं बघत होते. नाही म्हणावं तर बैल, साखर, पाल सगळं एका फटक्यात पुसलं जात होतं. पाटलांच्या पाहुण्यांची मतं शाबूत राहत होती. हो म्हणावं तर सगळं गाठोडं एकदम उचलावं लागत होतं, बैलापासून बीडपर्यंत. त्यातलं एकच निवडून घेता येत नव्हतं. अण्णांनी भजं ताटलीत ठेवलं. फेटा वर सारला, इतका की खोक सगळ्यांना नीट दिसली. "व्हय," ते म्हणाले. "त्यो मीच." आणि माझा हात धरून मंडपाकडं निघाले. गर्दीनं वाट करून दिली. एकजण म्हणाला, "आलं, आलं, रानडुक्कर आलं." अण्णा मान वर करून चालत राहिले.

माय भोंग्याच्या टेबलापाशी उभी होती. डोक्यावर पदर, हातात नव्या हिरव्या बांगड्या, चेहरा आडावरून पाणी आणायला निघाल्यासारखा निवांत. भोंगेवाल्यानं विचारलं, "वैनी, ह्येच का?" त्याचं तोंड अजून माइकापुढंच होतं, त्यामुळे प्रश्न साऱ्या गडाला ऐकू गेला. मायनं अण्णांना पायापासून फेट्यापर्यंत न्याहाळलं, जसं काही आज पहिल्यांदाच बघतेय. मग म्हणाली, "दिसत्यात तसेच. पण भुवईला खोक लई जणांना आसती. त्ये शेवटचं इचारा त्यांना."

भोंगेवाल्यानं माइक अण्णांपुढं धरला. अण्णांच्या ओठांवर 'बघू'चा 'ब' आला होता. तो मी माझ्या डोळ्यांनी बघितला. ओठ मिटले, फुगले, आणि तसेच राहिले. समोर गड भरून माणसं बघत उभी होती. मग ओठ सुटले आणि अण्णा म्हणाले, "हाय. खरं हाय त्ये. जुनात घालतो."

परतीच्या गाडीत माय बांगड्या फिरवून फिरवून बघत होती. बीड मागं पडल्यावर अण्णा खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "कावून एवडं सांगितलंस?" माय म्हणाली, "नाव घेता येत न्हाई आमाला. काय करावं मग?" रीत अण्णांच्याच घराण्याची होती. अण्णा भुवई चोळत म्हणाले, "पवळ्या लई मारका व्हता पण." माय म्हणाली, "व्हता की."

सोसायटीला अण्णा त्या वर्षी निवडून आले, हे मी सांगायला नको होतं, पण सांगते. पाटलांचे पाहुणे म्हणाले, जो माणूस बैल कबूल करतो तो हिशोबात काय लबाडी करणार. आणि वार्षिक परीक्षेत मी माझ्या पाहण्यातल्या एका माणसाचं वर्णन लिहिलं. सुरुवातीला तो कुठलाही उंच सावळा माणूस होता, त्याला साधी टोपी घातली. मग भुवई आली, साखर आली, आणि शेवटी मी त्याच्या डोक्यावर फेटा चढवला. पुन्हा काढला नाही. मास्तरांनी मला पास केलं आणि कागदाच्या कोपऱ्यात काळा अंगठा उमटला होता. पुढं माझ्या वर्गात मी दरवर्षी हीच जत्रा भरवत आले. पुस्तकातला नियम मुलांना कधी पाठ झाला नाही, अण्णा मात्र पाठ झाले.

बऱ्याच वर्षांनी, मी नोकरीला लागल्यावर, नेकनूरच्या गाडीत एक म्हातारे गृहस्थ शेजारी बसले. आवाजावरून मी ओळखलं, तोच भोंगेवाला. मी माझी ओळख सांगितली तसे ते खुदखुदायला लागले. म्हणाले, "ताई, तुमच्या वडलांना मी वळखत व्हतो. नेकनूरच्या बाजारात नेहमीची गाठ. वैनी आल्या, मालक हरवले म्हणल्या, तवाच मी इचारलं, सूर्यभानराव का? नुसती मान हलवायची व्हती. तर वैनी म्हणल्या, मान आकडलीय माझी. तुमी लिवून घ्या, मी सांगते तसं."

घरी जाऊन मी मायला विचारलं. ती शेंगा फोडत बसली होती. "आकडली आसंल," ती म्हणाली. "गाडीत वारं लागतं."

पण मला सांगायचा आहे तो जून. बीडच्या बोर्डिंगच्या दारात आम्ही तिघं उभे होतो. माझी पत्र्याची पेटी अण्णांच्या खांद्यावर, धपाट्यांचं फडकं मायच्या हातात. व्यवस्थापक बाई बाहेर आल्या आणि त्यांनी अण्णांना विचारलं, "आपण कोण?" अण्णा एरवी अशा वेळी आधी नाव सांगायचे, मग आडनाव, मग गाव, मग सोसायटीचं पद. मी ते सगळं ऐकायला तयार उभी होते. अण्णांनी पेटी खाली ठेवली, फेटा सारखा केला.

"पोरीला बीडला हायस्कुलात घालणारे," ते म्हणाले. "ते मी."

बाईंना काही कळेना. त्यांनी मायकडं पाहून विचारलं, "हेच का हिचे वडील?"

आणि मायनं, या खेपेला विचारल्याबरोबर, मान हलवली.